तूस कमी पडलं त्या आठवड्यातली उंदरीण

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगरपासून खाली केळशी-आंजर्ल्यापर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडून पडले आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. लॉकडाऊन होताच. त्याच पट्ट्यातल्या एका फार्मसी कॉलेजात मी औषधशास्त्र शिकवते आणि तिथल्या अ‍ॅनिमल हाऊसची जबाबदारी माझ्याकडे आहे. लोकांच्या डोक्यावरचं छप्पर उडालेलं असताना पांढऱ्या उंदरांच्या एका पिंजऱ्याबद्दल सविस्तर लिहावं का, हा विचार मनात आला होता. तरी लिहिते आहे. आईच्या वागण्यात बिघाड दिसला की आपण पहिलं बोट आईकडे दाखवतो, आणि ही घाई किती महागात पडू शकते ते या प्रकरणात फार स्वच्छ दिसतं.

काय घडलं

आमच्याकडे विस्टार जातीचे उंदीर असतात. पिंजऱ्यात खाली अंथरायला भाताचं तूस वापरतो. कोकणात भाताची गिरण जवळपास असतेच, त्यामुळे तूस मुबलक आणि स्वस्त. ते चाळायचं, ऑटोक्लेव्ह करायचं (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायचं) आणि पोत्यांत भरून ठेवायचं. वादळात स्टोअरचे पत्रे उडाले आणि सगळी पोती भिजली. भिजलेलं तूस या हवेत बघता बघता बुरसतं, लघवी शोषत नाही, पिंजऱ्यात अमोनियाचा वास कोंडतो. वीज नाही म्हणून ऑटोक्लेव्ह बंद, एक्झॉस्ट पंखे बंद. प्राण्यांच्या खोलीत आर्द्रता ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये ठेवावी अशी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. जूनमध्ये इथे वीज असतानाही ती पाळताना दमछाक होते, तेव्हा तर प्रश्नच नव्हता.

आत जे थोडं कोरडं तूस शिल्लक होतं ते सगळ्या पिंजऱ्यांत वाटून दिलं. मोठ्या नरांना आणि रिकाम्या माद्यांना त्याने फार फरक पडला नाही. अडचण झाली ती दोन ओल्या बाळंतिणींची. एकीचा पिंजरा वादळाच्या आधीच बदललेला होता, तुसाचा जाड थर होता, तिने तो ओढून एका कोपऱ्यात खळगा केला आणि त्यात व्याली. दुसरी वादळानंतर व्याली, ती जवळजवळ उघड्या फरशीवर. तूस इतकं विरळ की खालचं प्लास्टिक दिसत होतं.

आमच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये बरीच वर्षं काम करणारे एक मामा आहेत. उंदरांची नस त्यांना पुस्तकं वाचणाऱ्यांपेक्षा चांगली कळते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते म्हणाले, "मॅडम, हिचा जीव ठिकाणावर नाय. पोरांना तुडवते. एकाला उचलून हिकडं टाकते, एकाला तिकडं." रजिस्टरमध्ये त्यांनी रीतीप्रमाणे नोंद केली: पिल्लांकडे लक्ष नाही, प्रजननातून कमी करावी. यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. जी मादी पिल्लं सांभाळत नाही तिची वीण पुढे वाढवायची नाही, हा सगळीकडचाच रिवाज आहे. प्रश्न एवढाच होता की या मादीला तो लागू करायचा का.

पिंजऱ्यात डोकावून

वारंवार झाकण उघडून पाहणं म्हणजे तिच्या त्रासात भर. उंदरांना गडद लाल प्रकाश जवळजवळ दिसत नाही, म्हणून गणपतीच्या मखरातून उरलेलं लाल जिलेटिन बॅटरीला गुंडाळलं आणि पिंजऱ्यापासून जरा लांब बसून पाहिलं.

जाड तुसातली मादी पिल्लांवर पाठीची कमान करून स्थिर असायची. पिल्लं आचळांना लागलेली, आई डुलकी घेतेय. काही मिनिटं गेली की सगळी पिल्लं एकाच क्षणी ताठ व्हायची, मागचे पाय लांब करून अंग ताणायची. दूध उतरल्याची ही खूण. उंदरांमध्ये दूध सतत वाहत नाही. आई शांत झोपेत असताना मेंदूतून ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचा झोत सुटतो आणि दूध उतरतं, साधारण पाच ते पंधरा मिनिटांच्या अंतराने. पिल्लू आचळाला तासभर लागलेलं असलं तरी आई स्वस्थ पडली नाही तर पोटात काही जात नाही.

दुसऱ्या पिंजऱ्यात ही स्वस्थताच नव्हती. आई यायची, पिल्लांवर बसायची, एखाद्याला चाटायला लागायची आणि अर्ध्यात सोडून उठायची. कोपऱ्यातून तुसाचे चार कण तोंडात आणायची, टाकायची, पुन्हा शोधायला निघायची. उठताना आचळाला लटकलेलं पिल्लू फरफटत जाऊन वाटेत गळून पडायचं. मग त्यालाच उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवायची, म्हणजे आता पिल्लं दोन जागी. येता-जाता त्यांच्या अंगावर पाय पडायचे. नुकत्या जन्मलेल्या पिल्लाची कातडी इतकी पातळ असते की पोटातलं दूध बाहेरून पांढऱ्या पट्ट्यासारखं दिसतं. पहिल्या पिंजऱ्यात तो पट्टा सगळ्यांच्या पोटावर ठळक होता, इथे काहींच्या पोटावर पुसटसा.

यातली एक गोष्ट मामांच्याही नजरेतून सुटली होती आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ही मादी पिल्लांपासून लांब राहत नव्हती. घड्याळ लावून पाहिलं तर दोघींचा पिल्लांजवळचा एकूण वेळ फारसा वेगळा भरला नाही. एकीचा वेळ सलग होता, दुसरीचा तुकड्या-तुकड्यांचा. हिला पिल्लांचं पडलेलं नव्हतं असं म्हणायला काहीच आधार नव्हता. उलट ती एका घटकेचीही विश्रांती घेत नव्हती.

उकाडा की उघडी फरशी?

पहिली शंका उकाड्याची. ती रास्तही होती. मायकेल लिऑन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवून दिलं होतं की उंदरीण घरट्यावर किती वेळ बसते हे बऱ्याच अंशी तिच्या शरीराच्या तापमानावर ठरतं. दुधाच्या दिवसांत तिचं शरीर तसंही जास्त उष्णता तयार करत असतं. त्यात पिल्लांचा ऊबदार गठ्ठा पोटाखाली. अंग तापलं की ती उठते, गार होते, परत येते. खोली गरम असेल तर बैठकी आखूड होतात. पंखे बंद असलेल्या कोकणातल्या जूनमध्ये कुठलीही आई लवकर उठणारच.

पण उकाडा दोन्ही पिंजऱ्यांना सारखाच होता. एकाच मांडणीवर शेजारी-शेजारी होते ते. जाड तुसातली मादीही एरवीपेक्षा जास्त वेळा उठत होती, मात्र उठली की पाण्याच्या बाटलीपाशी जाऊन पोट टेकून पडायची आणि परत येऊन नेमकी त्याच खळग्यात बसायची. तिच्या उठण्यात हिशेब होता. दुसरीच्या उठण्यात शोधाशोध होती. म्हणून उकाडा बाजूला ठेवून मी अंथरुणाकडे वळले, आणि तिथे जुना ओळखीचा मजकूर सापडला.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या शाखेत टॅली बरम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकापासून नेमकी हीच स्थिती मुद्दाम तयार करून अभ्यासली आहे. पिल्लं दोन दिवसांची झाली की आईला जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात हलवायचं, अंथरूण नावापुरतं, घरट्यासाठी कागदी रुमालाचा तुकडा. हे नवव्या दिवसापर्यंत. दाणापाणी पोटभर, पिल्लं आईपासून एक क्षणही वेगळी काढत नाहीत. तरी आईचं वागणं तुटक होतं. बऱ्याच प्रयोगांत एकूण काळजीचं प्रमाण फारसं घटत नाही, पण चाटल्यावर दूध पाजेल की उठून जाईल, याचा अंदाज बांधता येत नाही. बरम यांच्या गटाने पुढे या बेभरवशाचं गणिती मोजमाप काढलं, आणि पिल्लाच्या मेंदूच्या घडणीशी त्याचा संबंध जोडला. वादळाने आमच्या मांडणीवर तोच प्रयोग मांडून ठेवला होता, फक्त आम्ही तो मागितला नव्हता.

पिल्लाच्या आत काय चालतं

उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा आंधळं, बहिरं, केसहीन असतं. डोळे उघडायला दोन आठवडे लागतात. स्वतःच्या अंगाची ऊब त्याला राखता येत नाही. आईने चाटल्याशिवाय लघवीही होत नाही. म्हणजे बाहेरच्या जगाची जी काही बातमी त्याला मिळते ती आईच्या जिभेतून, ऊबेतून आणि वासातून.

ताण आला की मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो, पिट्युटरी अ‍ॅड्रेनलला, आणि अ‍ॅड्रेनलमधून कॉर्टिकोस्टेरॉन रक्तात येतं. (माणसात हे काम मुख्यतः कॉर्टिसॉल करतं.) पुढे हेच संप्रेरक मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या ग्राहींवर (ते ओळखून पकडणाऱ्या पेशीतल्या रेणूंवर) जाऊन बसतं आणि ही साखळी थांबवतं. उंदराच्या पिल्लांत साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत ही यंत्रणा जवळजवळ निद्रिस्त असते, किरकोळ त्रासाने कॉर्टिकोस्टेरॉन चढत नाही. वाढत्या मेंदूला हे संरक्षणच आहे. आणि ते टिकवून धरण्यात आईचा वाटा मोठा: तिचं चाटणं आणि दूध. आई २४ तास दूर ठेवली तर ती यंत्रणा जागी होते, हे प्रयोगांत दिसलं आहे. विरळ अंथरुणाच्या पिंजऱ्यात आई जवळ असूनही नवव्या दिवसापर्यंत पिल्लांचं कॉर्टिकोस्टेरॉन चढलेलं आणि वजन कमी भरलेलं आढळतं.

परिणाम तिथेच थांबत नाहीत. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवलं की ज्या पिल्लांना आईने पहिल्या दहा दिवसांत जास्त चाटलं त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये हे ग्राही जास्त असतात, म्हणून मोठेपणी त्यांचा ताण लवकर उतरतो. हे रक्तातूनच आलेलं असेल, ही शंका १९९९ मध्ये पिल्लांची अदलाबदल करून तपासली गेली. कमी चाटणाऱ्या आईची पिल्लं जास्त चाटणारीच्या कुशीत वाढली तर त्यांची प्रकृती वाढवणारीसारखी झाली, आणि त्यांतल्या माद्या पुढे स्वतः आया झाल्यावर तशाच जास्त चाटू लागल्या. २००४ मध्ये त्याच गटाने पुढची कडी जोडली: आईच्या चाटण्याने त्या ग्राहीच्या जनुकावरचं मेथिल या रासायनिक खुणेचं ओझं पहिल्या आठवड्यात कमी होतं, जनुक मोकळेपणाने काम करतो. जनुक तोच, त्यावरची खूण बदललेली.

इथे एक गैरसमज लगेच दूर करायला हवा. पिल्लाला कुठलाही धक्का लागला की ते आयुष्यभरासाठी बिघडलं, असं नाही. सीमोर लेव्हिन यांनी १९५७ मध्येच दाखवलं होतं की रोज काही मिनिटं हाताळलेली पिल्लं मोठेपणी ताणाला जास्त चांगलं तोंड देतात. पुढे समजलं की पिल्लू घरट्यात परत आलं की आई त्याला कडकडून चाटते, आणि फायद्याचा मोठा भाग तिथून येतो. छोटा व्यत्यय आणि मागोमाग आई, हे पिल्लू पेलतं. आई जवळ असून तिचा भरवसा नसणं त्याला जड जातं.

मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ केलं ते वेगळ्याच दृश्याने. पायाखाली आलेलं पिल्लू किंचाळतं (त्याची बरीचशी हाक आपल्या कानाच्या पलीकडची असते) आणि लगेच त्याच आईकडे सरपटत जातं. न्यूयॉर्कमध्ये रेजिना सलिव्हन यांनी यावर बरंच काम केलं आहे. पहिल्या नऊ-दहा दिवसांत पिल्लाला एखाद्या वासाबरोबर सौम्य विजेचा झटका दिला तरी ते त्या वासाला टाळायला शिकत नाही, उलट त्याच्याकडे ओढलं जातं. भीती शिकवणारा अमिग्डाला या वयात त्या शिक्षणात उतरतच नाही. निसर्गाच्या दृष्टीने यात अर्थ आहे. आंधळ्या पिल्लाला तुडवणारी आईदेखील नसलेल्या आईपेक्षा बरी. म्हणून पिल्लं आईला चिकटून आहेत, एवढ्यावरून सगळं ठीक आहे असं समजू नये. मामांचा एक सहकारी तेच म्हणत होता, "पोरं तर तिलाच बिलगतायत, मग काय बिघडलं?"

काय केलं

पिल्लं पहिल्या मादीकडे द्यायचा विचार झाला. उंदरिणी परकी पिल्लं सहज स्वीकारतात. पण उकाड्यात तिच्यावर दोन विणींचा भार टाकला असता तर नीट चाललेला पिंजराही विस्कटला असता.

मामांनी काथ्या सुचवला. वाड्या पडल्यामुळे नारळाच्या सोडणांचे ढीग दारोदार होते. तो मी नाकारला. काथ्याचा धागा पिल्लाच्या पायाला गुंडाळला तर पाय जातो. शिवाय वाडीतल्या उंदरांचं मूत त्याला लागलेलं असू शकतं, आणि पावसाळ्यात लेप्टोची धास्ती कोकणातल्या माणसाला वेगळी सांगावी लागत नाही.

शेवटी सापडलं ते परीक्षा विभागाच्या लोखंडी कपाटात. परीक्षा पुढे गेल्या होत्या आणि कोऱ्या पुरवण्यांचे बांधलेले गठ्ठे तसेच कोरडे पडून होते. प्राचार्यांची फोनवर परवानगी घेतली, पानांच्या बोटभर रुंद पट्ट्या फाडल्या. पिंजऱ्याचं झाकण उघडलं नाही. पट्ट्या वरच्या गजांमधून अर्ध्या खाली सोडल्या, म्हणजे तिला त्या स्वतः ओढून घेता येतील. पहिली पट्टी तिने ओढली ती मामांच्या हातातूनच. नंतर थांबलीच नाही. पट्टी तोंडात, दाताने उभी चिरायची, कोपऱ्यात न्यायची, पुढच्या पायांनी दाबायची. तासाभरात कोपऱ्यात वाटीसारखा खळगा तयार झाला, आणि मग तिने एकेक पिल्लू उचलून त्यात आणलं, दुसऱ्या कोपऱ्यातलीही.

दुसऱ्या दिवशी रात्री ती कमान करून बसलेली दिसली. उकाडा तोच, वीज अजून नव्हती, आई तीच. मामांनी रजिस्टर उघडून आपली ओळ स्वतः खोडली आणि लिहिलं: अंथरूण कमी होते, कागद दिल्यावर मादी व्यवस्थित.

त्या मादीला आम्ही ठेवलं. दिवाळीनंतर ती पुन्हा व्याली, पुरेशा तुसात, आणि पिल्लं उत्तम वाढवली. माझ्या एका सहकाऱ्याने हरकत घेतली की दुसरेपणी आया तशाही सराईत होतात, त्यामुळे या विणीवरून काही सिद्ध होत नाही. हरकत बरोबर आहे. म्हणून मी वजन दुसऱ्या विणीला देत नाही, कागद दिल्यानंतरच्या त्या एका रात्रीला देते. तीच पिल्लं, तीच आई, बदललं फक्त अंथरूण.

पिल्लांचं पुढे

दूध तोडायच्या वेळी, म्हणजे २१ व्या दिवशी, त्या विणीची पिल्लं शेजारच्या विणीपेक्षा थोडी हलकी होती. नव्या पिंजऱ्यात ठेवली की ती जास्त वेळ कोपऱ्यात दबून राहायची, हाताला उशिरा सरावली. दोन विणींवरून शास्त्र होत नाही, हे मी विद्यार्थ्यांना बजावून सांगते. पण बरम यांच्या गटाने २००५ मध्ये दाखवलं होतं की अशा पिल्लांची स्मरणशक्ती तरुणपणी ठीक वाटते आणि मध्यमवयात घसरते. टॅनिया रॉथ आणि सहकाऱ्यांचं २००९ चं काम सांगतं की पहिल्या आठवड्यात तुडवल्या गेलेल्या माद्या पुढे स्वतःच्या पिल्लांशीही तशाच वागण्याकडे झुकतात. ही शक्यता डोळ्याआड करून ती पिल्लं नेहमीच्या साठ्यात मिसळणं मला पटेना. चिंता किंवा वेदनेवरच्या औषधाची चाचणी यांच्यावर केली असती तर आकड्यांत औषधाचा परिणाम किती आणि वादळाचा किती, हे कोणाला सांगता आलं असतं? नैतिकता समितीपुढे विषय ठेवला. ठरलं की ही पिल्लं कोणत्याही वर्तन-चाचणीत घ्यायची नाहीत, कार्डावर जन्माच्या वेळची स्थिती लिहायची आणि कॉलेज उघडल्यावर विद्यार्थ्यांना उंदीर हळुवार हाताळायला शिकवण्यासाठी ती वापरायची. रोजच्या हाताळण्याने ती बरीच मोकळी झाली.

याच प्रकरणावर बोलताना मला हमखास विचारतात, वादळात घर गेलेल्या बाळंतिणींच्या मुलांचंही असंच होतं का? उंदराच्या पिल्लाचा पहिला आठवडा मेंदूच्या वाढीच्या हिशेबाने ढोबळमानाने माणसाच्या गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांशी जुळतो, शिवाय माणसाच्या बाळाला आजी असते, मावशी असते, शेजारीण असते. तेव्हा पिंजऱ्यातला निष्कर्ष उचलून एखाद्या बाईच्या माथी मारू नका. घेण्यासारखं काही असेल तर ते कामाच्या क्रमाबद्दल आहे. पत्रे, कोरडी जागा, अंथरूण, धान्य आधी पोचवा. तिला बाळ कसं सांभाळावं याचा सल्ला द्यायची गरज बहुधा उरणारच नाही.

आता मृगाच्या आधी तूस ऑटोक्लेव्ह करून झाकणाच्या पिंपांत भरलेलं असतं, पोत्यांत नाही. जूनमध्ये विणी येतील अशा बेताने जोड्या लावत नाही. प्रत्येक विणीच्या कार्डावर अंथरुणाचा रकाना आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून सरकलं तेव्हा पुन्हा वीज गेली, त्या वेळी एक मादी व्यायला टेकली होती आणि तिला तूस कमी पडलं नाही. उकाड्याचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. जनरेटर ऑटोक्लेव्ह आणि फ्रीजपुरताच पुरतो, एक्झॉस्टला उरत नाही. सौरऊर्जेवर चालणाऱ्या दोन पंख्यांचा प्रस्ताव दिला आहे, त्याचा पाठपुरावा चालू आहे.